‘शौर्य’ कोणत्या रंगाचं? बारा पत्ते, छत्तीस माणसं आणि एका शनिवार-रविवारचं काम

लाल म्हणजे राग, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे मत्सर. असे तयार तक्ते मोबाईलवर फिरत असतात आणि फलक करून घेणारी मंडळं, शाळा, दवाखाने त्यांनाच प्रमाण मानून मोकळी होतात. त्यातला मत्सरच घ्या. मराठीत मत्सराने कुणी हिरवं पडत नाही. मराठी माणूस जळतो, त्याच्या पोटात दुखतं. आपल्याकडे ‘हिरवट’ म्हणजे वयाला न शोभणारा रंगेलपणा; आणि तोच हिरवा चुड्यात, ओटीच्या साडीत, हिरव्या कंदिलात अगदी शुभ. काळा अशुभ म्हणावा, तर संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि वर हलव्याचे दागिने.

मागे जायचं तर नाट्यशास्त्रातही रसांना रंग दिलेले आहेत: शृंगार श्याम, हास्य पांढरा, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. रौद्र आणि भयानक आजही पटतात. पण ‘प्रेम’ हा शब्द ऐकून आज दादरमधलं कोण श्याम रंगावर बोट ठेवील?

म्हणजे सगळं मनाचं, असंही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३० देशांतल्या ४,५९८ लोकांना रंगांची बारा नावं आणि वीस भावना दिल्या होत्या. मोठा भाग सगळीकडे सारखा निघाला, आणि देश शेजारचे किंवा भाषा जवळच्या असतील तर साम्य आणखी वाढलं. ठळक रेघा सामाईक, बारकावे गावचे. तुमच्या फलकाचं यश बहुधा त्या बारकाव्यांवरच ठरतं, आणि ते घरच्या घरी मोजता येतात. उदाहरणासाठी एक वाचनालय धरू. त्याला सहा कपाटांना सहा रंगांच्या पट्ट्या लावायच्या आहेत: विनोद, रहस्य, भक्ती, ज्ञान, प्रेम, शौर्य.

आधी एक चाळणी

काही रंग नियमाने किंवा वहिवाटीने ठरलेले असतात. त्यांची चाचणी घेऊ नका, ते बदलायच्या भानगडीतही पडू नका. ओल्या कचऱ्याचा डबा हिरवा, सुक्याचा निळा. रुग्णालयातल्या जैववैद्यकीय कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग २०१६च्या नियमांत आहेत. हवामान खात्याचा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाळ्यातल्या मुंबईकराला हा क्रम झोपेतही पाठ असतो. त्यामुळे तुमच्या सूचनाफलकावर पिवळा, नारिंगी आणि लाल शेजारी-शेजारी आले की तो चढता धोकाच वाचणार, तुमच्या मनात तीन विभाग असले तरी.

शब्द

सहापेक्षा जास्त शब्द एका बैठकीत घेऊ नका. सातव्यापासून माणूस कंटाळतो आणि ‘हा पत्ता अजून उचलला नाही’ म्हणून उचलायला लागतो.

शब्द फलकावर जसा येणार तसाच विचारा. ‘शौर्य’ आणि ‘पराक्रम’ यांना वेगळी उत्तरं येऊ शकतात, ‘भक्ती’ आणि ‘अध्यात्म’ यांना नक्कीच येतात. कपाटावर ‘इतिहास’ लिहायचं असेल तर ‘शौर्य’ विचारून उपयोग नाही. इतिहास म्हटलं की जुना कागद डोळ्यांपुढे येतो आणि हात तपकिरीकडे जातो. बोलायचा शब्दही सगळ्यांना एकच हवा. एकाला ‘रहस्य’, दुसऱ्याला ‘सस्पेन्स’ असं सांगितलंत की ती दोन वेगळी मोजमापं झाली.

पत्ते

खरी मेहनत इथे आहे, आणि बहुतेक चाचण्या बिघडतात त्याही इथेच.

बारा पत्ते घ्या: लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, आकाशी, जांभळा, गुलाबी, तपकिरी, काळा, पांढरा, राखाडी. यातले अकरा म्हणजे ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी १९६९ मध्ये अनेक भाषांतली रंगांची नावं पडताळून काढलेले मूळ रंग. बारावा आकाशी घातला, कारण मराठी माणूस त्याला ‘फिकट निळा’ न म्हणता सरळ आकाशी म्हणतो. मोरपंखी, अबोली, डाळिंबी, राणी, चिंतामणी यांचा मोह आवरा. ती नावं साडीच्या दुकानातून येतात, आणि पत्त्याबरोबर साडीही डोळ्यांपुढे येते.

प्रत्येक पत्ता ६ सेमी चौरस, ३०० जीएसएमच्या मॅट कार्डवर. चकचकीत लॅमिनेशन नको. वरच्या ट्यूबचा पांढरा पट्टा पत्त्यावर पडतो आणि रंग फिका दिसतो. मॅट लॅमिनेशनने रंग किंचित बदलतो, म्हणून करायचंच तर बाराही पत्त्यांना करा. चार शाईंच्या छपाईसाठी (सायन म्हणजे आकाशी-निळी, मजेंटा म्हणजे गडद गुलाबी, यलो आणि ब्लॅक) सुरुवातीची प्रमाणं टक्क्यांत अशी धरा:

लाल: मजेंटा १००, यलो १००
केशरी: मजेंटा ६०, यलो १००
पिवळा: मजेंटा १०, यलो १००
हिरवा: सायन १००, यलो १००
निळा: सायन १००, मजेंटा ८०
आकाशी: सायन ५०
जांभळा: सायन ७०, मजेंटा १००
गुलाबी: मजेंटा ५०
तपकिरी: सायन ३०, मजेंटा ६५, यलो ९०, ब्लॅक ३०
राखाडी: ब्लॅक ५०

काळ्याला ब्लॅक १००, आणि पांढरा म्हणजे कोरं कार्ड. निळ्यात मजेंटासुद्धा १०० टाकलात तर पडद्यावर निळा दिसेल आणि छापून जांभळा येईल. मग तुमच्याकडे दोन जांभळे आणि निळा एकही नाही. केशरी छापल्यावर मंद वाटतो, तो भगव्या पताकेच्या कापडासारखा झगझगीत येत नाही. चार शाईंची ती मर्यादा आहे. छापखान्याशी भांडून काही होणार नाही. तेवढाच झगझगीत हवा असेल तर रंगाच्या दुकानातून शेड कार्ड आणा आणि तुकडे कापून घ्या, पण मग बाराही पत्ते शेड कार्डाचेच करा. अर्धे छापलेले आणि अर्धे शेड कार्डाचे असा संच केला की लोक जाड, गुळगुळीत पत्त्याकडे जास्त वळतात आणि तुम्हाला वाटतं रंग आवडला.

पत्त्याच्या पाठीवर नुसता नंबर लिहा. रंगाचं नाव लिहू नका आणि तोंडीही घेऊ नका. ‘भगवा’ म्हटलं की झेंडा येतो, ‘नारिंगी’ म्हटलं की फळ येतं, ‘शेंदरी’ म्हटलं की मारुती येतो. पत्ता मात्र तोच असतो.

पत्ते मांडायला मधल्या राखाडी रंगाचा, साधारण ए-थ्री आकाराचा चार्ट पेपर घ्या. पांढऱ्या टेबलावर पांढरा पत्ता हरवतो आणि पिवळा मरगळतो, लाकडी टेबलावर तपकिरी हरवतो. पावसाळ्यात कार्डं वाकतात, म्हणून सिलिका जेलची पुडी घालून झिपच्या पिशवीत ठेवा.

उजेड

दिवसा १० ते ४ या वेळात खिडकीजवळ बसा, पण ऊन थेट पत्त्यांवर नको. बल्ब लावावाच लागला तर ५००० केल्विनचा आणि ज्याच्या खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा वर लिहिलंय असा घ्या. छपाईचे रंग तपासताना ५००० केल्विनचाच उजेड धरतात. घरोघरी असतो तो ६५०० केल्विनचा पांढराफेक दिवा निळ्याला उठाव देतो आणि केशरी-तपकिरीला मारतो. पिवळ्या दिव्याखाली उलटं होतं. दोन ठिकाणी चाचणी घेणार असाल तर दिवा बरोबर न्या.

मुंबईत एक खास अडचण येते. पावसाळ्याआधी इमारतीवर किंवा गॅलरीवर निळी ताडपत्री चढली की अख्खी खोली निळसर होते. चार मिनिटांत डोळा तिला सरावतो आणि तुम्हाला ती दिसेनाशी होते, पण पत्त्यावरचा पिवळा हिरवटच राहतो. पत्त्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून मोबाईलने फोटो काढा. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवा, नाहीतर मोबाईल स्वतःच दुरुस्ती करून मोकळा होतो. कागद निळा आला तर जागा बदला.

माणसं आणि दिवस

छत्तीस माणसं हवीत. आकडा उगाच नाही: सहा शब्दांचे सहा क्रम, प्रत्येक क्रमाला सहा माणसं. सगळी एकाच सोसायटीतली किंवा एकाच कार्यालयातली नकोत. वाचनालयाचं काम असेल तर निम्मे तरी तिथले सभासद असावेत. प्रत्येकाचं वय, बाई की पुरुष, घरात बोलायची भाषा आणि शाळेचं माध्यम एवढं लिहून घ्या. माध्यम महत्त्वाचं आहे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मराठी मुलांना मत्सर हिरवा असल्याचं पुस्तकातून कळलेलं असतं, त्यांच्या आजीला नसतं.

लाल-हिरव्यात गोंधळ होणारी माणसं वगळू नका, फक्त त्यांचे कागद वेगळे ठेवा. हा दोष बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. तुमच्या वाचनालयात ते येतातच, आणि शेवटच्या तपासणीत त्यांचंच मत सगळ्यात कामाचं ठरतं.

तारीख जपून निवडा. नवरात्रात ही चाचणी घेऊ नका. रोजचा ठरलेला रंग लोकलच्या डब्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे दिसतो, शिवाय हे रंग वारावर ठरतात, म्हणजे घटस्थापनेचा रंग दरवर्षी वेगळा. त्या नऊ दिवसांत राखाडीसुद्धा देवीचा होतो. ६ डिसेंबरच्या आसपास दादरला, चैत्यभूमीच्या परिसरात, निळा सगळीकडे असतो, १४ एप्रिललाही. होळी, निवडणुकीचा प्रचार, आयपीएलचे सामने यांपासूनही आठवडाभर लांब राहा. हे रंग खोटे असतात असं नाही, पण पट्टी वर्षभर लागणार आहे.

विचारायचं कसं

एका वेळी एकच माणूस. मागे रांगेत उभे असणारे ऐकतात आणि तेच उत्तर देतात, म्हणून बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.

पत्ते पिसा आणि राखाडी कागदावर चारच्या तीन ओळींत मांडा. प्रत्येक नव्या माणसासाठी पुन्हा पिसा, कारण मधल्या ओळीतले पत्ते जरा जास्तच उचलले जातात. सरावाला चाचणीत नसलेला एक शब्द द्या, उदाहरणार्थ ‘सुट्टी’.

मग प्रश्न, शब्दशः असाच: ‘मी एक शब्द म्हणेन. तो ऐकून कोणता पत्ता आठवतो तो दाखवा.’ दाखवल्यावर: ‘आणि त्याच्यानंतर?’ असे दोन पत्ते घ्या, पहिल्याला दोन गुण, दुसऱ्याला एक. ‘कोणता रंग शोभेल?’ असं विचारू नका. शोभणं आलं की माणूस सजावट करायला बसतो आणि त्याला आवडणारा रंग देतो. ‘बरोबर’, ‘वा’, ‘अरे!’ यातलं काहीही तोंडातून निघता कामा नये, भुवईसुद्धा हलवू नका.

शब्दांना १ ते ६ क्रमांक द्या आणि हे सहा क्रम वापरा:

१-२-६-३-५-४
२-३-१-४-६-५
३-४-२-५-१-६
४-५-३-६-२-१
५-६-४-१-३-२
६-१-५-२-४-३

यात प्रत्येक शब्द प्रत्येक जागी एकदा येतो, आणि प्रत्येक शब्दामागून दुसरा प्रत्येक शब्द एकदाच येतो. असं न करता सगळ्यांना ‘भक्ती’नंतर ‘शौर्य’ विचारलंत, तर केशरी नुकताच वापरून झालाय म्हणून लोक शौर्याला लाल देतील, आणि तुम्ही ‘शौर्य लाल’ असं लिहून मोकळे व्हाल.

सहाही शब्द झाल्यावरच कारणं विचारा. मधे विचारलंत तर पुढचा पत्ता माणूस कारण तयार ठेवून उचलतो. कारण एका ओळीत, त्याच्याच शब्दांत टिपा. एका माणसाला सरासरी १० मिनिटं, म्हणजे छत्तिसांना सहा तास. दोघांनी मिळून शनिवार-रविवारात सहज उरकतं.

कारणांची वर्गवारी

ही पायरी लोक गाळतात, आणि तीच सगळ्यात जास्त शिकवते. कारणांचे सहा गठ्ठे करा: वस्तू (हळद, रक्त, समुद्र), सण आणि विधी, झेंडा-पक्ष-संघ, भाषा (‘चेहरा पांढराफटक पडला’, ‘काळा पैसा’, ‘गुलाबी थंडी’), बाजार (पाकीट, जाहिरात, गणवेश) आणि ‘नुसतं वाटतं’. दोघांनी एकमेकांचं न बघता गठ्ठे करायचे आणि मग जुळवायचे. छत्तिसांपैकी पाच-सहापेक्षा जास्त ठिकाणी मतभेद झाले तर गठ्ठ्यांच्या व्याख्याच सैल आहेत, त्या आधी नीट करा.

फायदा असा. वस्तूवरून आलेला रंग टिकाऊ असतो. हळद पुढच्या वर्षीही पिवळीच असणार. बाजारातून आलेला रंग पाकीट बदललं की जातो. झेंड्यावरून आलेला रंग पक्का असतो पण एकटा नसतो: भगवा, निळा किंवा हिरवा एकटाच अख्ख्या भिंतीवर आला की मुंबईत तो राजकारण म्हणूनच वाचला जातो. अशा रंगाची पट्टी अरुंद ठेवा आणि शेजारी इतर रंग राहू द्या.

आठवणीतला रंग आणि खरा रंग यांत केवढा फरक पडतो, तेही इथे दिसतं. मांसाहारी खाद्यपदार्थांच्या पाकिटावरचं चिन्ह तपकिरी आहे. बोलताना मात्र सर्रास ‘लाल ठिपका’च म्हटलं जातं, कारण हिरव्याच्या समोर मन लालच उभा करतं. २०२०च्या लेबलिंग नियमांत त्या ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आला, आणि रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून कळायची सोय झाली.

मोजणी

आधी योगायोग बाजूला काढा. बारा पत्त्यांतून डोळे मिटून उचललं तरी छत्तिसांपैकी तिघे एखाद्या पत्त्यावर येणारच. पहिल्या पसंतीत एकाच पत्त्यावर ९ जण आले तर एका शब्दापुरता तो योगायोग नाही असं धरायला हरकत नाही. सहा शब्द एकदम तपासत असाल तर १० धरा. पाच-सहा जणांवरून निष्कर्ष काढू नका, कितीही मनासारखा आला तरी. आणि ३६ पैकी १८, म्हणजे ५० टक्के, असं लिहिताना हेही ध्यानात ठेवा की एवढ्या माणसांत हा आकडा १६-१७ टक्के वर-खाली होऊ शकतो. ‘निम्मी मुंबई म्हणते’ असं त्यावरून लिहायचं नसतं.

आता वाटप. इथली नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक शब्दाचा पहिला नंबर उचलायचा. केशरी भक्तीचाही पहिला येतो आणि शौर्याचाही. वारकऱ्यांची पताका एका बाजूला, शिवकाळ दुसऱ्या बाजूला. समजा दोन आणि एक गुण धरून बेरीज अशी आली: केशरीला भक्तीत ४१ आणि शौर्यात ३८, लालला भक्तीत ६ आणि शौर्यात २२, पांढऱ्याला भक्तीत १४ आणि शौर्यात ३.

पहिली जोडी: भक्ती केशरी, शौर्य लाल. ४१ अधिक २२, एकूण ६३. हीच जोडी कुणी उलटी वाचली (भक्ती लाल, शौर्य केशरी) तर ६ अधिक ३८, एकूण ४४. फरक १९.

दुसरी जोडी: शौर्य केशरी, भक्ती पांढरी. ३८ अधिक १४, एकूण ५२. उलटी वाचली तर ३ अधिक ४१, पुन्हा ४४. फरक फक्त ८.

पहिली जोडी घ्या. बेरीज मोठी आहे म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त ‘फरक’ मोठा आहे म्हणून. लोक एकेक रंग सुटा वाचत नाहीत. समोर असलेल्या सगळ्या रंगांत कोणता कुणाला दिला तर एकूण जुळणी बरी बसेल, हे ते नकळत पाहतात. कॅरन श्लॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पुनर्वापराच्या डब्यांच्या रंगांवर केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. म्हणूनच एखाद्या शब्दाशी जेमतेम नातं असलेला रंगही चालून जातो, बाकीचे रंग आपापल्या जागी घट्ट बसलेले असले तर. ‘ज्ञान’सारख्या शब्दाला कुठलाच पत्ता दहापर्यंत पोचला नाही तर घाबरू नका, त्याला सगळ्यात शेवटी उरलेल्यांतला बरा रंग द्या.

हातानं करायचं तर ज्या शब्दाचा पहिला रंग दुसऱ्या कुणाला नको आहे तिथून सुरुवात करा. रहस्याला काळा एकदम वर आला आणि इतरांत तो कुठेच नाही? झालं, ते कपाट संपलं. मग भांडणारे शब्द जोडी-जोडीने वरच्यासारखे तपासा. सहा शब्दांना सहा रंग वाटायच्या ७२० रीती होतात, म्हणून संगणक असेल तर स्प्रेडशीटमधलं सॉल्व्हर (सगळ्यात चांगलं वाटप आपोआप शोधणारं साधन) वापरा. या प्रश्नाची हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडलेली रीत ‘हंगेरियन पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि ती तयार मिळते.

छटा

रंग ठरला म्हणजे निम्मंच काम झालं. आमच्या मते निम्म्याहूनही कमी. भाव बदलतो तो बऱ्याचदा छटेनं: गडद केला की रंग जड, गंभीर, कधी अशुभ होतो, फिकट केला की हलका, शांत, भडक केला की अंगावर येतो. बाळाच्या दुपट्याचा गुलाबी आणि लग्नातल्या शालूचा राणी रंग यांत रंगाचं कूळ एकच आहे, भाव कुठे एक आहे?

म्हणून निवडलेल्या प्रत्येक रंगाचे तीन पत्ते करा: फिकट, मधला, गडद. लॅब मापनात (रंग आकड्यांत मांडायची पद्धत; उजळपणा ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा) उजळपणा साधारण ८५, ६० आणि ३५ ठेवा. नव्या बारा जणांना शब्द सांगून तीनपैकी एक निवडायला लावा. पिवळ्याला हा नियम लागू नाही. तो ८५च्या आसपासच पिवळा असतो, ६०वर आणलात की मातकट होतो आणि ३५वर शेवाळी-तपकिरी. गडद पिवळा मागणाऱ्याला बहुतेक वेळा केशरीकडे झुकलेला हळदी हवा असतो.

तक्ता किंवा नकाशा करत असाल आणि छटा कमी-जास्त दाखवायला वापरणार असाल, तर हलक्या पार्श्वभूमीवर गडद म्हणजे जास्त असंच लोक वाचतात. उलटं केलंत तर खाली खुलासा लिहूनही फारसा उपयोग होत नाही.

उलट तपासणी

आतापर्यंत शब्दावरून रंग विचारला. वाचनालयात येणारा माणूस मात्र आधी रंग बघणार. तेव्हा सहा कोऱ्या रंगीत पट्ट्या भिंतीला चिकटवा, सहा शब्दांच्या चिठ्ठ्या हातात द्या आणि आधीच्या चाचणीत नसलेल्या बारा जणांना लावायला सांगा. अंदाजाने कुठल्याही शब्दाला बारांपैकी दोघे बरोबर येतील. आठ किंवा जास्त आले तर रंग पास. कमी आले तर ती चिठ्ठी कुठल्या पट्टीवर जाते ते बघा आणि त्याच दोघांची अदलाबदल करून पुन्हा घ्या. सगळा संच मोडू नका.

मग मोबाईलमध्ये पट्ट्यांचा फोटो कृष्णधवल करा. लाल आणि हिरवा एकाच राखाडीत विरघळले तर एकाला गडद करा. यानंतरही पट्टीवर शब्द आणि छोटं चिन्ह हवंच.

छापताना

सहाही पट्ट्या एकाच कागदावर, एकाच फेरीत छापा. चार पट्ट्या आज आणि दोन पुढच्या आठवड्यात असं केलं की दोन्ही लाल एकमेकांना ओळखत नाहीत. उन्हात लाल आणि पिवळा आधी उतरतात. पश्चिमेच्या खिडकीसमोरचं ‘शौर्य’ वर्षभरात गुलाबी होऊन ‘प्रेमा’च्या शेजारी जाऊन बसेल. त्या कपाटासाठी यूव्ही लॅमिनेशन करा, नाहीतर पट्टी बाजूच्या फळीवर लावा. प्रत्येक पट्टीच्या दोन जादा प्रती काढा, पाठीवर शाईची प्रमाणं आणि छपाईची तारीख लिहा आणि जाड तपकिरी पाकिटात घालून अंधाऱ्या खणात ठेवा. सहा महिन्यांनी भिंतीवरची पट्टी त्या प्रतीशेजारी धरा. फरक नुसत्या डोळ्याला कळला तर बदला, पण बदलताना सहाही.